सैनिकांचे ओळखबिल्ले व त्यांची चिकित्सा

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील जुन्या वस्तूंच्या संग्राहकांचें लक्ष गेल्या कांहीं वर्षांत एका नव्या जिनसेकडे वळलें आहे. मोडी दप्तरें, होन, शिवराया, तलवारी व पोथ्या यांजबरोबर आतां महायुद्धांतील सैनिकांचे ओळखीचे बिल्ले, त्यांचीं पदकें व मृतांच्या वारसांस मिळालेल्या काशाच्या चकत्या यांसही कपाटांत जागा मिळूं लागली आहे. ही गोष्ट आम्हांस मुळींच अनिष्ट वाटत नाहीं. 'परक्या सरकारच्या चाकरीचीं हीं चिन्हें, यांत इतिहास तो कसला?' असें म्हणणारे कांहीं वृद्ध स्नेही आमच्यांत आहेत. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, आदिलशाहींत चाकरी केलेल्या सरदारांचीं फर्मानें आपण डोक्यावर घेऊन छापतों, तर त्याच मुलखांतील शेतकऱ्याच्या व बलुतेदाराच्या पोराची बसऱ्याची चाकरी तेवढी इतिहासाबाहेर कशी राहील? तेव्हां संग्रह करावा कीं न करावा हा वाद नाहीं. संग्रह ज्या रीतीनें चालला आहे त्या रीतीविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे, आणि तें थोडें परखडपणें बोलणें भाग आहे.

आमच्या पाहण्यांत जे संग्रह आले त्यांतील चिठ्ठ्या बहुधा एकाच साच्याच्या असतात: 'मराठा सैनिकाचा बिल्ला, पहिलें महायुद्ध, सातारा, अतिदुर्मिळ.' या पदांपैकीं एकही पद सिद्ध केलेलें नसतें. ताम्रपटाच्या संपादकानें राजाचें नांव, शक, दिलेला गांव व पट सापडल्याचें स्थळ यांची अशी मोघम वाट लावली असती तर या त्रैमासिकाच्या वाचकांनीं त्यास दारांतही उभें केलें नसतें. मग दीड इंचाच्या चकतीस ही सवलत कां? ज्यावर अक्षरें आहेत तो लेख. आणि लेख म्हटला कीं त्याचें वाचन, काळ, स्थळ व अस्सलपणा हीं प्रकरणें आलींच.

प्रथम वस्तूचा विचार करूं. शिपायाची ओळख नोंदण्याची कल्पना आपल्या देशांत नवी नव्हे. अकबराच्या कारकीर्दींत घोड्यास डाग व स्वारास चेहरा अशी पद्धति बसली. चेहरा म्हणजे स्वाराचें नांव, बापाचें नांव व अंगावरील खुणा यांचें लेखी वर्णन. परंतु ही ओळख दप्तरांत राही, अंगावर नसे. हजेरीच्या वेळीं एकाच्या जागीं दुसरा उभा राहूं नये एवढाच तिचा उपयोग; पडलेला कोण हें ठरविण्याचें काम तिच्याकडे नव्हतें. सभासदानें शिवकालीन फौज मुलूखगिरीस जातांना व परत येतांना प्रत्येकाजवळील वस्तूंची झडती घेण्याची जी चाल सांगितली आहे, तींतही हिशेब वस्तूंचा आहे, देहाचा नाहीं. देहाबरोबर नांव चाललें पाहिजे ही गरज तोफांच्या युद्धानें उत्पन्न केली. ब्रिटिश सैन्यांत १९०७ सालीं ॲल्युमिनियमची एक चकती ठरली. १९१४ सालीं तिच्या जागीं दाबलेल्या तंतूंची तांबूस चकती आली. चकती एकच असल्यामुळें ती नोंदीसाठीं काढून नेली कीं प्रेत निनांवी होई. या अनुभवावरून १९१६ च्या सप्टेंबरांत दोन चकत्यांचा हुकूम निघाला. एक हिरवी, अष्टकोनी, ती देहाबरोबर राहावयाची. दुसरी तांबडी, वाटोळी, ती काढून दप्तरीं धाडावयाची. दुसऱ्या महायुद्धांतही ही जोडी चालू राहिली.

येथें संग्राहकानें क्षणभर थांबावें. हिरवी अष्टकोनी चकती बाजारांत एकटी आली तर तिच्या वाटा फार थोड्या संभवतात. एक तर तिचा धनी जिवंत परतला व पुढें त्याच्या नातवा-पणतवानें ती विकली. नाहीं तर ती जेथें राहावयाची तेथून, म्हणजे पुरलेल्या देहावरून, कोणी उपसली. (तिसरी वाट बनावटीची, ती पुढें पाहूं.) पहिल्या प्रकारांत विकणाऱ्याचें घर सांगतां आलें पाहिजे. घर सांगतां येत नसेल तर ती चकती विकत घेणें आम्हांस एखाद्या समाधीवरचा दगड उचलून आणण्यासारखें वाटतें, मग तिची दुर्मिळता कितीही असो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तंतूंची चकती ओल्या जमिनींत कुजते. म्हणून 'फ्रान्सच्या खंदकांतून निघालेली' अशी ग्वाही देऊन कोणी स्वच्छ, टोकदार अक्षरांची तांबडी चकती पुढें केली तर ग्वाही व चकती यांपैकीं एक खोटें आहे असें खुशाल समजावें.

सांगलींतील एका हौशी गृहस्थांनीं मोठ्या कौतुकानें आम्हांस दाखविलेल्या तशाच एका चकतीवर नांव व अंक यांबरोबर 'सी. ई.' अशीं दोन अक्षरें ठोकलेलीं होतीं. खालीं चिठ्ठी होती 'मराठा वीर' अशी. तीं अक्षरें धर्माचीं. त्यांचा अर्थ चर्च ऑफ इंग्लंड, आणि नांवही निखळ इंग्रजी होतें. कोण्या इंग्रज आईच्या मुलाची ती चकती आमच्या कृष्णाकांठीं मराठा होऊन बसली होती. आम्हीं तसें दाखवून देतांच ते हंसून म्हणाले, 'मास्तर, अक्षरें कोण वाचतो? पाहणारा रंग पाहतो.' हें उत्तर विनोदाचें खरें, पण सध्यांच्या संग्रहपद्धतीचें इतकें नेमकें वर्णन आम्हांसही साधलें नसतें.

आतां 'मराठा' हें पद घेऊं. पहिल्या महायुद्धाच्या वेळीं हिंदी पायदळांत १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या पलटणी मराठा नांवाच्या होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेंत त्या एकत्र करून पांचवी मराठा लाईट इन्फन्ट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पांचवी, व ११४ ची दहावी. म्हणून पलटणीचें नांव कोणत्या रूपानें आलें आहे एवढ्यावरूनच काळाची एक मर्यादा मिळते. '११७ मराठा' हें रूप दुसऱ्या महायुद्धाचें असूं शकत नाहीं, व 'पांचवी मराठा' हें रूप मेसोपोटेमियाच्या मोहिमेचें असूं शकत नाहीं. नाण्यांवरील लेखांत एका बिंदूवरून टांकसाळ ठरविणारे आमचे मित्र येथें मात्र दोन्ही महायुद्धें एका डबीत ठेवितात, याचें नवल वाटतें.

शिवाय त्या काळीं शिपायाचा अंक पलटणीपुरता असे. एकच अंक पांच पलटणींत पांच निरनिराळ्या माणसांचा असूं शके. पलटणीवांचून नुसता अंक म्हणजे राजाच्या नांवावांचून राज्यवर्ष. 'आठवें वर्ष' एवढेंच वाचून शक काढावयास बसावें तसें तें होय. बिल्ल्यावर पलटण नसेल, किंवा घासून गेली असेल, तर ज्या पेटींत तो सांपडला त्या पेटींतील बाकीच्या वस्तूंनीं ती पुरवावी लागते, आणि नेमकी ती पेटीच संग्राहक मागें ठेवून येतो.

दुसरें असें कीं, 'मराठा' हें पलटणीचें नांव होतें, जातीचें नव्हे. या पलटणींत देशावरचे व कोंकणचे मराठे असत तसे दक्षिणी मुसलमानही असत. उलट साताऱ्याकडील पुष्कळ माणसें मराठा नांवाच्या पलटणींत नव्हतींच. कोणी खडकीच्या सफरमैनांत, कोणी मजुरांच्या तुकड्यांत भरती झाले. १११ वी महार पलटण १९१७ सालीं उभारली गेली व १९२१ सालीं मोडली गेली. चार वर्षांच्या अल्पायुषी पलटणीचा बिल्ला किंवा नांवाचें पदक मिळालें तर तें खरोखरच दुर्मिळ. परंतु चिठ्ठीवर सरसकट 'मराठा' लिहिण्याची संवय लागली म्हणजे तेंच नेमकें ओळखूं येत नाहीं.

असाच अन्याय काशाच्या पदकांवर होतो. १९१४ ते १९१८ च्या युद्धाचें ब्रिटिश पदक बहुतेकांस चांदीचें मिळालें; त्याची संख्या सुमारें ६५ लक्ष धरतात. मजूर-तुकड्यांतील हिंदी, चिनी व माल्टी लोकांस तेंच पदक काशाचें दिलें गेलें, आणि तीं अवघीं १ लक्ष १० हजारांच्या आसपास आहेत. आमच्याकडील कांहीं जण काशाचें पदक 'नक्कल' म्हणून बाजूस सारतात, व चांदीचें वजन करून घेतात. ज्या हमालानें ओझीं वाहिलीं त्यास सरकारनें हलकी धातु दिली. शंभर वर्षांनीं आपणही तोच तराजू हातांत घ्यावा हें बरें नव्हे. चांदीच्या पदकांची दुसरी दुर्दशा आहे. एक औंस चांदी घरांत निजून आहे असें कळल्यावर अडचणीच्या सालीं ती सराफाकडे गेली, आणि काठावरील नांवासह मुशींत उतरली. त्यांतून वांचलेलें प्रत्येक पदक म्हणजे न वितळलेली एक ओळ होय.

स्थळाविषयीं घोटाळा याहून मोठा आहे, आणि तो केवळ अज्ञानाचा नसून नकाशाचाही आहे. महायुद्धांच्या काळीं सातारा जिल्ह्यांत तासगांव, खानापूर, वाळवें हे तालुके मोडत. सांगली, मिरज, जत हीं संस्थानें निराळीं होतीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. युद्धांत पडलेल्या हिंदी शिपायांच्या नोंदींत बापाचें नांव, गांव, तालुका व 'सातारा' असें लिहिलेलें आढळतें, त्या साताऱ्यांतील एक मोठा हिस्सा आजच्या सांगलीचा आहे. इकडे सांगलीचे संग्राहक 'सांगलीचे सैनिक' शोधतात, तिकडे साताऱ्याचे संग्राहक 'सातारा' हा शब्द दिसतांच माणूस आपला म्हणून घेतात, आणि तासगांवाकडील शिपाई दोहोंच्या मध्यें हरवतो. तालुका व गांव यांच्या नोंदीवांचून जिल्ह्याचें नांव या बाबतींत निरुपयोगी आहे.

सापडण्याचें ठिकाण व लेखांतील ठिकाण यांचा भेद आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची वस्तुतः गरज नाहीं. विष्णुवर्धनाचा, पुलकेशी दुसऱ्याच्या आठव्या राज्यवर्षांतील पट 'सातारा ताम्रपट' म्हणून ओळखला जातो, पण त्यांतील दानग्राम भीमेच्या कांठचा आहे. राष्ट्रकूट चौथ्या गोविंदाचा शके ८५५ चा पट 'सांगलीचा' म्हणवितो, पण त्यांत दान घेणारा ब्राह्मण पुंड्रवर्धनाहून, म्हणजे वंगदेशाकडून, आलेला आहे, आणि गांव सांगलीचा नव्हे. हे दोन पट ज्यांनीं शाळेंत विद्यार्थ्यांस शिकविले त्यांनींच पुण्याच्या जुन्या बाजारांत घेतलेला बिल्ला साताऱ्यांत आणून 'सातारा' म्हणून मांडावा, याला काय म्हणावें?

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहावयास घेतला तें कारण. बसरा येथील स्मारक, ज्यांच्या कबरी ठाऊक नाहींत अशा, मेसोपोटेमियांत १९१४ च्या शरदापासून १९२१ च्या ऑगस्टअखेरपर्यंत पडलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांचें आहे. १९२९ सालीं तें उघडलें, आणि १९९७ सालीं शत-अल-अरबच्या कांठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेलें. त्यावर ब्रिटिश शिपायांचीं नांवें आहेत. हिंदी पलटणींच्या बाबतींत मात्र अधिकाऱ्यांचीं नांवें कोरून खालीं 'व इतर इतके हिंदी शिपाई' असा आंकडा घातला आहे. नांवें पुस्तकांत गेलीं. दगडावर बेरीज राहिली. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ही विषमता स्वतःच मान्य केली. कूत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यांत सांपडलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. शरणागतीनंतर कैदी वाळवंटांतून चालविले गेले, आणि त्यांतील किती जण कोठें पडले याचा ठिकाणा लागणें कठीण. अशा माणसाच्या घरीं परत आलें तें काय? एखादें पदक, एक काशाची चकती, पेन्शनीचा कागद.

साताऱ्याजवळचें अपशिंगें, जें आतां अपशिंगें मिलिटरी म्हणूनच ओळखलें जातें, तेथील ४६ जवान पहिल्या महायुद्धांत पडले, व त्यांच्या स्मरणार्थ सरकारनें गांवांत स्मारक उभें केलें. तेथेंही जाणाऱ्यास प्रथम भेटतो तो आंकडाच. बसऱ्यास आंकडा, गांवांत आंकडा. मधलें नांव घरांत आहे. अंक, नांव व पलटण हीं तिन्ही एकत्र ज्यावर कोरलीं आहेत अशी वस्तु म्हणजे पदकाचा काठ किंवा बिल्ला, आणि त्या नांवाचा बाप, वाडी व भाऊबंद सांगणारा मनुष्य म्हणजे त्या घरांतील म्हातारी. संग्राहक दोनशें-पांचशें रुपये देऊन वस्तु उचलतो तेव्हां हा सांधा निखळतो. पुढें तो बिल्ला तीन हात फिरतो, मुंबईच्या चोरबाजारांत जातो, तेथून परदेशीं, म्हातारी वारते, आणि जो मजकूर बसऱ्याच्या दगडावर आला नाहीं तो आपल्याकडूनही पुसला जातो. हें काम इंग्रजांनीं केलेलें नाहीं.

काशाच्या चकतीचें उदाहरण या दृष्टीनें बोधक आहे. युद्धांत मेलेल्याच्या वारसास सुमारें १२ सेंटीमीटर व्यासाची ओतीव चकती मिळे; अशा १३ लक्षांवर निघाल्या. तीवर फक्त नांव असतें. हुद्दा, अंक, पलटण कांहीं नसतें. मरणांत सारे सारखे, हा त्यामागचा हेतु, आणि तो थोर आहे. परंतु त्यामुळेंच चकतीबरोबर येणारी कागदी सनद, जींत हुद्दा व पलटण लिहिलेली असे, ती गेली कीं चकती मुकी होते. एकेका आडनांवाचीं व 'रामा', 'गणू', 'विठू' अशा नांवांचीं माणसें आमच्या जिल्ह्यांत थोडीं का आहेत? कारकुनांनीं तीं नांवें ज्या ज्या रीतीनें इंग्रजींत उतरलीं त्या पाठभेदांची तर गोष्टच नको. 'शिंदे' यांचें एका ठिकाणीं एक रूप, दुसऱ्या ठिकाणीं दुसरें. 'पवार' व 'पोवार' यांचा नेहमींचा गोंधळ. येथें संग्राहक आपल्या मतें शुद्ध रूप चिठ्ठीवर लिहून मोकळा होतो. पाठचिकित्सेचा पहिला नियम असा कीं, आधीं आहे तसें उतरून घ्यावें, मग कंसांत आपलें मत द्यावें. भांडारकर संस्थेनें महाभारताच्या पोथ्यांस जी शिस्त लावली ती या चकत्यांस लावल्यास कोणाचेंही नुकसान होणार नाहीं. अशुद्ध पाठ हाच पुष्कळदां दप्तरांतील नोंदीशीं जुळतो, व 'शुद्ध' केलेला कोठेंच जुळत नाहीं.

सांधा निखळल्यावर काय उरतें याचें एक उदाहरण बाहेरचें. २०१६ सालीं फ्रान्समध्यें रिशबुर्ग येथें दोन हिंदी शिपायांचे अवशेष निघाले. वर्दीवरील धातूच्या खुणेवरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे, एवढें कळलें. १९१५ पासून मातींत असलेल्या त्या दोघांस २०१७ च्या नोव्हेंबरांत लाव्हांती येथें सन्मानानें पुरलें, पण नांवावांचून. दुसऱ्या महायुद्धांत पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांस इटालींत १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर ठाऊक नाहीं, नांव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. त्यांच्यामागें कीर्ति होती म्हणून नांव राहिलें. ज्यांच्यामागें ती नव्हती त्यांचें राहण्यास घरांतील पेटीवांचून दुसरी जागा नाहीं. पंजाबचें या बाबतींत भाग्य थोर. तेथील भरतीच्या गांववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयांत पडून होत्या, व २०२१ पासून त्या लोकांस पाहावयास मिळूं लागल्या. सुमारें ३ लक्ष २० हजार माणसांचा त्यांत उल्लेख आहे. तेथें कोणाची पेटी गेली तरी वही आहे.

बनावटीविषयीं थोडें. कोऱ्या हिरव्या व तांबड्या चकत्या नव्यानें तयार होऊन उघड विकल्या जातात, आणि अक्षरांचे पोलादी ठसे कोणत्याही हत्यारांच्या दुकानांत मिळतात. तेव्हां 'सैनिकाची चकती' करावयास अर्धा तास पुरे. अस्सल चकतीवर एकेक अक्षर हातोडीनें ठोकलेलें असे. म्हणून ओळ वांकडी असणें, अक्षरें खालींवर असणें, हें संशयाचें कारण नव्हे. संशय घ्यावा तो अक्षरांच्या खोबणींत मळ नसेल, व दोरीच्या भोकाची कड कोरी असेल तेव्हां. गळ्यांत वर्षानुवर्षें झुललेल्या वस्तूच्या भोकास झीज आल्यावांचून राहत नाहीं. पदकांची लबाडी निराळी. साध्या पदकाचा काठ घासून जुनें नांव काढतात व त्यावर गाजलेल्या पलटणीचें नांव घालतात. हें डोळ्यांस दिसत नाहीं, मापास दिसतें. पहिल्या महायुद्धाच्या त्या चांदीच्या पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. तो चहूंबाजूंनीं सारखा भरतो कीं नाहीं तें व्हर्निअरनें पाहावें. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांस आणखी एक कसोटी आहे. ब्रिटिश सैन्यास तीं नांवावांचून दिलीं गेलीं, हिंदी सैन्यास नांव घालून. मग नांव नसलेलें पदक 'केरेन येथें लढलेल्या मराठ्याचें' म्हणून कोणी आणलें तर कागदाशिवाय त्यावर विश्वास कसा ठेवावा?

हर्षाच्या मधुबन पटांत एक प्रसंग नमूद आहे. सोमकुंडक नांवाचा गांव एक ब्राह्मण कूटशासनाच्या, म्हणजे बनावट पटाच्या, बळावर उपभोगीत होता. राजानें तो पट मोडून गांव दुसऱ्यांस दिला. बनावट बिल्ल्यानें कोणाचा गांव जात नाहीं, म्हणून आपण सैल राहतों. पण खोट्या नांवाचा बिल्ला एकदां यादींत शिरला कीं खऱ्या माणसाच्या पराक्रमाचा वाटा दुसऱ्याकडे जातो. कूटशासनानें जें होई तेंच हें.

घासण्याची संवय मात्र बनावटीपेक्षांही घातक ठरली आहे, कारण ती अस्सल वस्तूंवर चालते. चिंच, राख व हल्लींच्या पितळ उजळण्याच्या भुकट्या यांनीं देवाचीं भांडीं घासावींत. लेख घासूं नयेत. एका पितळी बिल्ल्यावरील अंकाचे शेवटचे दोन आंकडे एका उत्साही तरुणानें दिवाळीच्या साफसफाईंत नाहींसे केल्याचें आम्हीं पाहिलें आहे. त्या बिल्ल्यास आतां चकाकी आहे, अर्थ नाहीं. वाचण्यास कठीण अक्षरांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरविली तर उत्तम ठसा मिळतो. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांस हें शिकवावयास नको.

कायद्याकडेही दृष्टि असूं द्यावी. पुराणवस्तूंविषयींच्या १९७२ च्या कायद्यांत वस्तूंस १०० वर्षांची व हस्तलिखितांस ७५ वर्षांची मर्यादा आहे. पहिल्या महायुद्धांतील वस्तूंनीं ही मर्यादा ओलांडली. त्या परदेशीं धाडणाऱ्यांनीं 'लहानसा बिल्ला तर आहे' असें समजून चालूं नये.

या भूमीस संग्रहाचा वारसा थोडा नाहीं. राजवाड्यांस पहिल्या खंडाचे कागद वाईंत मिळाले, व १८९८ सालीं तो खंड निघाला. मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. पारसनीसांचा सातारचा संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. या तिघांच्या स्वभावांत जमीनअस्मानाचें अंतर होतें, आणि कागद मिळविण्याच्या त्यांच्या रीतींवर त्या काळींही पुष्कळ बोललें गेलें. पण खरे यांच्या संग्रहांत कागद आपल्या शेजाऱ्यांसह येतो, पत्रास उत्तर व उत्तरास प्रत्युत्तर अशी सांखळी राहते, हा गुण आजच्या बिल्ल्यांच्या संग्राहकानें विशेषेंकरून घ्यावा. घरांत बिल्ला दिसला तर पेटी पूर्ण पाहावी. डिस्चार्जचा कागद, पेन्शनीचें पुस्तक, मनीऑर्डरींच्या पावत्या, मोडींतील एखादें पोस्टकार्ड, फोटोच्या पाठीमागील छायाचित्रकाराचा शिक्का, हें सारें बिल्ल्याइतकेंच मोलाचें आहे, पुष्कळदां अधिक. घरच्यांस विकावयाचें नसेल तर आग्रह करूं नये. ठसा व नक्कल मिळाली म्हणजे इतिहासाचें काम भागतें, वस्तु त्यांच्या देव्हाऱ्यांत राहिली तरी चालेल. आमच्या मतें तेथेंच ती अधिक सुरक्षित आहे.

ज्या वाचकांजवळ १०३, ११० किंवा ११७ या पलटणींचें नांव असलेला बिल्ला वा पदक असेल त्यांनीं काठाचा ठसा, वस्तूचें माप, ज्या घरांतून ती आली त्या गांवाचें व तालुक्याचें आजचें व १९४९ पूर्वींचें नांव, आणि घरच्यांची संमति, इतकें या त्रैमासिकाच्या संपादकांकडे धाडावें. वस्तु धाडूं नये. ठसा धाडण्यापूर्वीं ती धुऊं नये. विकत घेतली असल्यास कोणाकडून घेतली तें लिहावें, किंमत लिहूं नये.